दिवसभर राबूनही महत्त्वाचं काम मागेच राहतं. आधी काय करायचं, कसं ठरवता?

फोंड्याची_सून
नमस्कार मंडळी. घर, नोकरी, मुलाची शाळा आणि सासूबाईंचं औषधपाणी सांभाळताना रोजच्या कामांतलं कुठलं काम आधी धरायचं हे तुम्ही कसं ठरवता?

मी राहते फोंड्याजवळ, नोकरी पणजीत. रात्री फोनमध्ये दुसऱ्या दिवसाची यादी करते. वीजबिल, गॅस, मुलाच्या प्रोजेक्टचा चार्ट, सासूबाईंची रक्ततपासणी, ऑफिसातला महिन्याचा अहवाल. यातलं बहुतेक सगळं होतं. एक काम मात्र होत नाही. सासऱ्यांच्या पश्चात जमिनीचं सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दस्त, करून घ्यायचं आणि मग एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या जमिनीच्या, उताऱ्यावर वारसांची नावं चढवायची. हे गेल्या चवथीपासून (गणेशचतुर्थीपासून) यादीच्या तळाशी आहे. दीर मुंबईला, नणंद वास्कोला. विषय निघाला की सगळेच म्हणतात, मागीर पळोवया, नंतर बघूया. आता यंदाची चवथ तोंडावर आली.

आळस नाही हो. दिवसभर पायाला भिंगरी असते. पण हे एक काम पुढे सरकत नाही. तुमच्याकडे काही रीत असेल तर सांगा.

म्हापशाचा_शुक्रवार
वीस कामांची यादी कुणाचीच संपत नाही. आजची तीन एका पानावर लिहा, बाकीची दुसऱ्या पानावर.

पर्वरीचा_कोडर
ताई, आम्ही ऑफिसात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते त्या आयझेनहॉवरची चौकट वापरतो. कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारायची, चार खण होतात. तातडीचं आणि महत्त्वाचं ते लगेच. महत्त्वाचं पण तातडीचं नाही, त्याला दिवस आणि वेळ ठरवून द्यायची. तातडीचं पण महत्त्वाचं नाही ते दुसऱ्याला सोपवायचं. उरलेलं सोडून द्यायचं.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हान्स्टन इथे केलेल्या एका भाषणात आयझेनहॉवर हे बोलले होते, आणि तेही एका माजी कॉलेज-अध्यक्षाचा हवाला देऊन: प्रश्न दोन प्रकारचे, तातडीचे आणि महत्त्वाचे, तातडीचे ते महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे ते कधीच तातडीचे नसतात. चार खणांची मांडणी लोकांनी पुढे केली. तुमचं सक्सेशन डीड दुसऱ्या खणातलं. त्याला कुणी फोन करून आठवण देत नाही, म्हणून ते मागे पडतं.

डिचोलीकडची
कोडरदादा, चौकट ठीक आहे. पण तो तिसरा खण बघा, 'दुसऱ्याला सोपवा'. राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली माणसं असतात. घरातल्या बाईने कुणाला सोपवायचं? रक्ततपासणीला सासूबाईंना नेणं, चार्टपेपर आणणं, गॅसवाला येईल तेव्हा घरी असणं हे सगळं तातडीचं आणि सगळं तिच्याच नावावर.

हे मनाचं सांगत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत ते आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, पण अंतर तेवढंच राहिलं. फोंड्याच्या ताईंना नवी यादी शिकवण्याआधी त्यांच्या यादीतली कामं घरात वाटली गेली आहेत का ते विचारा.

पर्वरीचा_कोडर
मान्य. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

पेडण्याहून
आमच्याकडे मासळी आणणं आणि साफ करणं माझ्याकडे आहे. सकाळी बाजारात जाऊन पापलेट आणतो, त्या दिवशी बायको मला काहीही सांगत नाही. 😄

केपेंतला_भाऊ
पापलेट परवडतं म्हणजे तुमचा प्राधान्यक्रम ठरलेलाच आहे!

पेडण्याहून
अहो, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या बांगड्यावरच भागवतो. ते एकसष्ट दिवस घरातल्या सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी असतात.

नाईट_ड्युटी
मी सरकारी इस्पितळात नर्स आहे, बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली. आधी कोण हे आम्हाला मिनिटामिनिटाला ठरवावं लागतं, म्हणून लिहिते.

नवीन मुली रुजू होतात तेव्हा जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आधी धावतात. माणसाचा स्वभावच तो. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, तो शुद्धीवर असतो. कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर घामाघूम होऊन गप्प पडलेला, ओठ निळसर पडलेला माणूस आधी बघायचा. म्हणून आम्ही आवाजाकडे न बघता चार गोष्टी बघतो: श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध. मोठा अपघात झाला की रंगाच्या पट्ट्या लावतात. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे चालता-बोलता. या पद्धतीचा उगम नेपोलियनच्या सैन्यातल्या डोमिनिक लारे या शल्यचिकित्सकापर्यंत नेतात. हुद्दा न बघता जखम किती गंभीर ते बघून त्याने उपचार सुरू केले.

ताई, तुमच्या यादीत ओरडणारी कामं खूप आहेत. गॅस ओरडतो, चार्टपेपर ओरडतो, साहेब ओरडतात. जमीन गप्प पडून आहे. मी घरीसुद्धा रोज सकाळी हाच प्रश्न विचारते: आज यादीत गप्प काय आहे?

आणि महत्त्वाचं म्हणजे आमच्याकडे हे एकदाच ठरत नाही. हिरवी पट्टी लावलेला अर्ध्या तासात लाल होऊ शकतो, म्हणून फेरी मारून पुन्हा बघावं लागतं. सकाळी केलेली यादी दुपारी एकदा तपासा.

फोंड्याची_सून
सिस्टर, 'जमीन गप्प पडून आहे' हे वाचून अंगावर काटा आला. अगदी तसंच आहे.

डिचोलीकडची ताई, घरात वाटणी अगदीच नाही असं नाही. पण काय करायचं ते लक्षात ठेवण्याचं काम माझ्याकडेच. नवरा सांगितलेलं सगळं करतो, पण सांगावं लागतं.

डिचोलीकडची
'सांगावं लागतं' हेसुद्धा एक काम आहे. तेही वाटायला हवं. रक्ततपासणी त्यांना द्या म्हणजे तारीख, चिठ्ठी, उपाशीपोटी जायची आठवण, रिपोर्ट आणणं, डॉक्टरांना दाखवणं, सगळं त्यांचं. मध्ये विचारायचं नाही.

म्हापशाचा_शुक्रवार
माझं दुकान आहे, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. पुण्या-मुंबईची माणसं लिहितात, सगळ्यात अवघड काम आधी करा. आपल्याकडे आधी बघायचं, कुठलं दार कधी बंद होतं. पुष्कळ दुकानं एकला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. शाळा बऱ्याच ठिकाणी दीडच्या आसपास सुटते. सरकारी कचेरीत जेवणाच्या आधी गेलात तर माणूस भेटतो. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात चांगलं हवं तर सकाळी. संध्याकाळी कितीही मोकळे असलात तरी त्या वेळेचा उपयोग नाही, दार बंद असतं.

म्हणून मी कामाच्या पुढे 'हे कधीपर्यंतच करता येतं' ते लिहितो. ऑनलाइन वीजबिल रात्री अकरालाही भरता येतं, ते सकाळच्या वेळेत घालायचंच नाही. सकाळचे दोन-तीन तास बाहेरच्या कामांसाठी राखायचे.

केपेंतला_भाऊ
दुपारी दुकान बंद करून झोपायचं आणि मग वेळ कमी पडतो म्हणायचं, हे मला पटत नाही. पणजीतली मोठी दुकानं आता दिवसभर उघडी असतात.

म्हापशाचा_शुक्रवार
भाऊ, मी सकाळी साडेसहाला माल उतरवून घेतो आणि रात्री साडेआठला शटर ओढतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार? त्या वेळेत घरी जेवतो, पाऊण तास पडतो, मुलीचा गृहपाठ बघतो. हा माझ्या दिवसातला वाया गेलेला वेळ नाही. संध्याकाळी गिऱ्हाईकाशी हसून बोलतो ते त्याच्या जोरावर. मोठ्या दुकानात दोन पाळ्यांत माणसं असतात, माझ्याकडे मी एकटा.

नाईट_ड्युटी
शुक्रवारदादांशी सहमत. थकलेल्या माणसाला सगळंच तातडीचं वाटतं. विश्रांतीसुद्धा यादीत लिहा, नाहीतर ती जागा दुसरं काम खातं.

वेर्णा_शटल
मी रोज पणजी ते वेर्णा करतो. झुआरीच्या जुन्या पुलावर कोंडी असायची तेव्हा कामावर कधी पोचू याचा भरवसा नसायचा. नवा पूल झाला, एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, दुसरी पुढच्या डिसेंबरात. माझा चांगला वेळ वाचू लागला. मला वाटलं, आता व्यायाम, आता वाचन. प्रत्यक्षात तो वेळ फोन बघण्यात आणि ऑफिसात जास्त बसण्यात जिरला. १९५५ मध्ये पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने लिहिलं होतं, हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरतं. ते खरं आहे. वाचलेल्या वेळेला त्याच दिवशी नाव दिलं नाही तर तो राहत नाही. आता मी उतरल्यावर घरी जाण्याआधी मिरामारला चालतो. ती वेळ ठरलेली, तिथे दुसरं काही घालत नाही.

दुसरं, काम किती वेळ घेईल याचा अंदाज आपण सगळेच कमी धरतो. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरूनसुद्धा अंदाज कमीच. त्यामुळे 'कचेरीत अर्ध्या तासाचं काम' असं लिहाल तिथे पूर्वी अशा कामाला खरंच किती वेळ गेला होता ते आठवा आणि तो आकडा लिहा.

सावईकडचा_कुळागरी
मी कुळागर करतो. पोफळी, माड, मिरी, केळी. शेतकऱ्याला यादी करावी लागत नाही असं लोकांना वाटतं. खरं तर आमचा सगळा जन्म हेच ठरवण्यात जातो.

एक उदाहरण देतो. पावसात पोफळीला कोळेरोग येतो. सुपारी कच्ची असतानाच कुजते आणि गळते. त्याला उपाय बोर्डो मिश्रणाचा, आणि पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आत व्हायला हवी, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. मे महिन्यात झाडाकडे बघाल तर हिरवेगार घड, रोगाचं नाव नाही. त्याच महिन्यात घरात लग्नकार्यं, पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) खरेदी, घर शाकारणी, पाहुणे. फवारणी पुढच्या आठवड्यात केली तर काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. आणि एकदा पावसाने धरलं की मिश्रण झाडावर टिकत नाही आणि ओल्या पोफळीवर चढायला माणूसही तयार होत नाही.

कामाची तयारीही आधीच लागते. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी भांडं चालत नाही. मग दोन्ही एकत्र ओतायचं आणि ढवळायचं. घासलेली सुरी त्यात बुडवून काढायची. पात्यावर तांबूस थर दिसला की चुना कमी पडला, थोडा वाढवायचा. तयार झालं की त्याच दिवशी मारायचं, उद्यावर ठेवता येत नाही. म्हणजे चढणारा माणूस, पंप, चुना, मोरचूद आणि कोरडा दिवस हे सगळं एका दिवशी जुळवायला लागतं. म्हणून मी एप्रिलमध्येच चढणाऱ्याला आगाऊ पैसे देऊन तारीख घेतो. लग्नाचं आमंत्रण त्या तारखेला आलं तर घरचं दुसरं कुणी जातं.

बाय, तुझ्या कामाचं असंच आहे. चवथीला दीर आणि नणंद घरी येणार. त्यांचे जन्माचे, लग्नाचे दाखले त्यांच्याकडूनच घ्यायचे ना? मग ती तुझी फवारणीची तारीख समज. चवथीला सगळे बसतील तेव्हा कागदांची यादी तयार हवी. ती आता वकिलाला किंवा नोटरीला विचारून घे. सगळं काम एकदम करू नकोस. या आठवड्यात फक्त ती यादी.

शांतादुर्गेच्या_रंगमंचावर
कुळागरीकाकांना दुजोरा. आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं. सगळे नोकरदार, तालमी रात्री साडेनऊनंतर. प्रयोगाची तारीख देवाची, ती कुणासाठी हलत नाही. म्हणून मी तारखेपासून मागे मोजतो. रंगीत तालीम कधी, त्याआधी नेपथ्य कधी उभं राहायला हवं, त्याआधी पाठांतर कधी संपायला हवं. मागे येत येत आजच्या रात्रीचं काम कळतं: दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, पुस्तक न धरता. एवढंच. नटाला 'नाटक बसवायचं आहे' असं सांगितलं तर तो घाबरतो, 'आज चार पानं' म्हटलं की करतो.

तुमच्या यादीत 'सक्सेशन डीड' असं लिहिलेलं आहे ना? ते एका दिवसात होणारं काम नाही, म्हणून रोज उरतं. त्याजागी 'वकिलांना फोन' लिहा.

निवृत्त_मास्तर
वाचतो आहे, चर्चा छान चालली आहे. एक भर घालतो.

ब्लुमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमध्ये केलेला अभ्यास १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यात थांबवलेली कामं माणसाला पुऱ्या केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात, असं त्यांना दिसलं. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसं दिसलं नाही, पण राहून गेलेलं काम मनात टोचत राहतं हा अनुभव आपल्या सगळ्यांचा. पुढे २०११ मध्ये मासिकांपो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं, की काम पुरं केलं नाही तरी ते कधी, कुठे, कसं करणार याचा नेमका बेत लिहिला की मनातली टोचणी कमी होते. म्हणून 'जमिनीचं बघणे' असं न लिहिता 'मंगळवारी सकाळी दहाला, फोंड्याला, वकिलांकडे, मृत्यूदाखला सोबत' असं लिहा. शाळेत असताना मी वेळापत्रक लावायचो तेव्हा गणित नेहमी पहिल्या दोन तासिकांत घ्यायचो. मुलांचं डोकं तेव्हा ताजं. ज्या कामाला डोकं लागतं ते ताज्या वेळेला द्यावं.

केपेंतला_भाऊ
मास्तर, तुमच्यासारख्यांमुळेच आम्हाला सकाळी गणिताच्या तासाला पोटदुखी व्हायची!

निवृत्त_मास्तर
आणि दुपारी पेरूच्या झाडावर चढताना बरी व्हायची. सगळं ठाऊक आहे. 🙂

डिचोलीकडची
मास्तर, ताजी वेळ सकाळची हे नोकरदार बाईला कसं जमावं? सकाळी डबे, शाळा, बस. डोकं ताजं असतं तेव्हा हात पिठात असतात. म्हणून माझी सूचना अशी, की आठवड्यातून एक सकाळ घरातल्यांनी तिला मोकळी द्यावी. शनिवार म्हणा. त्या दिवशी स्वयंपाक, मुलगा, पोदेराकडचे पाव, सगळं दुसऱ्याकडे.

फोंड्याची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. त्याने सगळा वाचला, पापलेटपर्यंत.

आम्ही असं ठरवलं. सासूबाईंचं औषधपाणी आणि तपासण्या पूर्ण त्याच्याकडे, डॉक्टरांची फाइलही त्याच्या कपाटात गेली. सक्सेशन डीडच्या जागी मी 'वकिलांना फोन' लिहिलं आणि आज दुपारी केला. त्यांनी सांगितलं, आधी जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले गोळा करा, नावांची स्पेलिंगं सगळीकडे एक आहेत का ते बघा, जुना उतारा घेऊन या. नणंदेला लगेच कळवलं. तिच्या लग्नाच्या दाखल्यात नाव वेगळं लागलं आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते दुरुस्त करायला वेळ लागणार, म्हणजे कुळागरीकाका म्हणाले ते खरं. चवथीला कळलं असतं तर सगळं पुन्हा पुढच्या चवथीवर गेलं असतं.

शनिवारची सकाळ मागून घेतली आहे. मिळाली आहे.

सावईकडचा_कुळागरी
शाबास बाय. नाव दुरुस्तीचा अर्ज आधी टाका, बाकीचं त्याच्या मागोमाग होईल. आणि माटोळीला, गणपतीवर फळं-पानं बांधतात तिला, सुपारीचा घड लागला तर कळव, आमच्याकडून पाठवतो.

वास्कोची_मीना
मी पहिल्यांदाच लिहिते आहे. सिस्टर, मलाही पाळीची नोकरी आहे, हॉटेलात. एक आठवडा सकाळ, एक आठवडा रात्र. मला रोजची ठरलेली वेळ धरताच येत नाही. तुम्ही कशी यादी करता?

नाईट_ड्युटी
मीनाताई, मी घड्याळाची वेळ लिहितच नाही. 'ड्युटीच्या आधी', 'ड्युटीनंतर झोपायच्या आधी', 'उठल्यावर' असे तीन कप्पे करते. पाळी बदलली तरी कप्पे तेच राहतात. रात्रपाळीनंतर झोपायच्या आधी फक्त असं काम ठेवते ज्यात चूक झाली तरी चालेल. कपडे वाळत घालणं, भाजी निवडणं. पैशाचं किंवा सहीचं काम त्या वेळी कधीच नाही. बँक, कचेरी, मुलांच्या शाळेत भेटणं हे सगळं सकाळपाळीच्या आठवड्यातल्या दुपारी किंवा सुट्टीच्या दिवशी. महिन्याचा ड्युटी चार्ट हातात आला की आधी त्या दुपारींवर पेन्सिलने खूण करते आणि मग कामं वाटते. तुमचा चार्ट किती दिवस आधी मिळतो? त्यावर बरंच अवलंबून आहे.

वास्कोची_मीना
आठवडाभर आधी.

नाईट_ड्युटी
मग महिन्याचा बेत करू नका, आठवड्याचाच करा. चार्ट मिळेल त्या संध्याकाळी. आणि ज्या कामांना बंद होणारं दार आहे, शुक्रवारदादांनी सांगितलं तसं, ती आधी त्यात बसवा.